हा जगावेगळा व्हाइस नेमका कशासाठी? एमर्टच्या पॅटर्नमेकर व्हाइसचं परीक्षण

व्हाइस म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा. याचे जबडे 18 इंच रुंद, पण त्यांवर दात एकही नाही. मागे हातोडी मारायला ऐरण नाही, खाली फिरता तवा नाही. एक जबडा आपल्या जागी डावी-उजवीकडे तिरका होतो. अख्खा व्हाइस समोरून पाहिला तर चाकासारखा गोल फिरतो, आणि बिजागरीवर उचलला की जबडे आडवे होऊन बेंचच्या वर येतात. खालच्या काठाला आणखी एक छोटी पोलादी जबड्यांची जोडी आहे. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) हे 40 किलोच्या आसपासचं धूड भंगारात किंवा कारखान्याच्या लिलावात दिसलं, की बघणारा आधी मशीनचा सुटा भाग समजतो, मग वेल्डिंगचं फिक्स्चर समजतो, आणि शेवटी वजनावर भाव करतो.

हा पॅटर्नमेकरचा, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने घडवणाऱ्या कारागिराचा व्हाइस. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या वेन्सबरो गावातल्या एमर्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने तो बनवला. जोसेफ एमर्टला त्याचं पेटंट 1891 मध्ये मिळालं. वेन्सबरो हे यंत्रांचं गाव. वाफेची इंजिनं आणि शीतकरणाची यंत्रं बनवणारी फ्रिक कंपनी तिथलीच, ग्राइंडिंग मशीनवाली लँडिस टूलही तिथलीच. जिथे इतकं बीड ओतलं जातं तिथे लाकडी पॅटर्न घडवणारे कसबी कारागीर लागतातच, त्यामुळे असा व्हाइस अशा गावात जन्माला यावा हे अगदी ओघाने आलं. सुरुवातीच्या मॉडेलला पाठीच्या फुगीर आकारामुळे संग्राहक ‘टर्टलबॅक’ म्हणतात. पुढे के-वन (K1) हे 18 इंची आणि के-टू (K2) हे 14 इंची अशी दोन मापं नावाजली. अंगावर कंपनीचं आणि गावाचं नाव ओतीव अक्षरांत असतं, पण रंगाच्या चार थरांखाली ते बुजलेलं असू शकतं. तारेचा ब्रश मारल्याशिवाय ‘नाव नाही’ असा निकाल देऊ नये.

नाव मिळालं नाही तरी काही अडत नाही. व्हाइसचं काम त्याच्या सांध्यांवरून ओळखता येतं. जो सांधा साध्या व्हाइसला नसतो, तो बनवायला पैसे आणि मेहनत लागते, आणि तो जबड्याची ताकद थोडी कमीही करतो. म्हणजे कुणाला तरी त्याची खरी गरज होती. प्रत्येक जास्तीच्या सांध्यासमोर ‘कोणत्या आकाराच्या वस्तूला हा लागेल?’ असा प्रश्न ठेवला की उत्तर सापडतं.

पॅटर्नचा आकार आणि व्हाइसचे सांधे

पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी वाळूत ठसा उमटवणारा नमुना. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या सागवानात घडवला गेला. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना किंवा किर्लोस्करवाडीच्या पंपांना हे नवं नाही. पॅटर्न बनवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून 300 मिमीच्या भागाचा पॅटर्न 303 मिमीचा करतात. मशीनिंग व्हायच्या बाजूंना जास्तीचा माल सोडतात. आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हा व्हाइस असा झाला: पॅटर्नच्या उभ्या बाजू कधीच सरळ उभ्या नसतात. वाळूतून काढताना साच्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यांना एक ते तीन अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे उतार, द्यावा लागतो.

आकडा घालून बघू. 100 मिमी उंचीचा ठोकळा, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंश ड्राफ्ट. तळापेक्षा माथा प्रत्येक बाजूला 3.5 मिमीने आत जातो, म्हणजे एकूण 7 मिमी अरुंद होतो. असा ठोकळा समांतर जबड्यांत धरला तर जबडे फक्त रुंद तळाच्या काठावर टेकतात. रंध्याचा पहिला जोर पडताच ठोकळा डुलतो. आणखी आवळला तर तोच काठ चेपतो, आणि ड्राफ्ट देऊन घासून-पुसून तयार केलेल्या पॅटर्नचा काठ चेपणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम वाया.

एमर्टचा बाहेरचा जबडा मोकळा केला की जागच्या जागी तिरका होतो. मात्र तो जबड्याच्या लांबीच्या दिशेनेच तिरका होतो, वर-खाली नाही. त्यामुळे ठोकळा असा ठेवायचा, की त्याचं निमुळतं होणं जबड्याच्या लांबीच्या दिशेने येईल. आता दोन्ही तिरक्या बाजूंना पूर्ण पृष्ठभागाची पकड मिळते, पण माथ्याचं तोंड आडवं, डाव्या किंवा उजव्या हाताला गेलं. इथे दुसरा सांधा कामाला येतो. अख्खा व्हाइस 90 अंश फिरवायचा, जबडे उभे करायचे, माथा वर येतो. तिरका होणारा जबडा आणि फिरणारं अंग यांचा उपयोग एकमेकांमुळे आहे. यांतला एक सांधा जाम झाला तर दुसऱ्याचाही निम्मा उपयोग गेला.

एक खबरदारी. जबडे उभे करून काम करताना ठोकळा टोकाशी धरावा लागतो, कारण तो जबड्याच्या बाहेर डोकवायला हवा. अशा वेळी दुसऱ्या टोकाला, तिथे जबड्यांमध्ये उरलेल्या फटीएवढ्या जाडीचा लाकडी तुकडा घालायलाच हवा. तो नसेल तर मोकळा जबडा रिकाम्या टोकाकडे मिटतो आणि ठोकळ्याची पकड एका रेषेवर येते. शिवाय स्क्रूवर वाकडा ताण पडतो. जुन्या एमर्टमध्ये नटचे आटे एका बाजूने झिजलेले दिसतात त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

तिसरा सांधा म्हणजे बेंचच्या काठावरची बिजागरी. व्हाइस उचलला की जबडे आडवे होतात, मधल्या कोनांतही थांबवता येतो. पंपाच्या केसिंगचा कोअर बॉक्स (ओतीव भागातल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा ज्यात घडवतात तो साचा) कोरायचा असतो तेव्हा याची किंमत कळते. गोलाईतली पटाशी खाली ढकलून मारण्यापेक्षा हाताच्या रेषेत मारणं सोपं पडतं, आणि कोअर बॉक्सच्या खोलगट भागात उजेडही नीट पोचतो. शिवाय काम छातीच्या उंचीला येतं, त्यामुळे कंबर वाकवून तासन्‌तास आकार तपासायचं टेम्प्लेट लावत बसावं लागत नाही.

आणि खालची छोटी पोलादी जोडी? पॅटर्नमेकर फक्त लाकूडच हाताळतो असं नाही. पितळी पट्ट्या, पॅटर्नचे भाग जुळवणाऱ्या डॉवेल पिना, अॅल्युमिनियमचे सुटे तुकडे, टेम्प्लेटसाठीचा पत्रा हे सगळं त्याला कानसायला लागतं. व्हाइस 180 अंश फिरवला की ही जोडी वर येते, आणि मोठ्या गुळगुळीत जबड्यांना धातूचे ओरखडे पडत नाहीत. वरच्या काठाला उचलता येणारे छोटे खुंट असतात, ते पसरट किंवा अनियमित आकाराची फळी सपाट धरायला. हे खुंट सगळ्यात आधी हरवतात.

असाच दिसणारा, पण वेगळा

तिरक्या होणाऱ्या जबड्यामुळे एक गोंधळ हमखास होतो. फिटरच्या काही जुन्या व्हाइसमध्येही, उदाहरणार्थ अमेरिकन प्रेंटिसच्या, मागचा जबडा एका निमुळत्या पिनेभोवती मोकळा होतो. पिन काढली की पाचरीसारखी वस्तू धरता येते, पिन ठोकली की जबडे पुन्हा समांतर. पण त्याचे जबडे अरुंद आणि दातेरी असतात आणि तो बेंचवर बसतो. एमर्ट बेंचच्या पुढच्या काठाला लटकतो. पिनेचं भोक रिकामं असलेला फिटरचा व्हाइस ‘ढिला’ म्हणून स्वस्तात मिळाला तर घ्यावा; लेथवर निमुळती पिन वळवून घेतली की काम झालं.

उंच, अरुंद जबडे बेंचच्या बरेच वर आलेले असतील तर तो कोचमेकरचा, म्हणजे गाड्यांची लाकडी बॉडी घडवणाऱ्यांचा. जबडे लांब, पातळ आणि स्क्रूऐवजी कॅमवर, म्हणजे फिरवला की दाब देणाऱ्या खटक्यावर, मिटणारे असतील तर करवतीचे दात कानसायचा. एक पाय जमिनीपर्यंत गेलेला, घडीव लोखंडाचा असेल तर लोहाराचा लेग व्हाइस, घणाचे घाव झेलणारा. एमर्टकडून ते काम कधीच घेऊ नये.

रुंद, बिनदाती जबड्याच्या तोंडाला स्क्रूची भोकं असतील तर तिथे बहुधा लाकडी किंवा चामड्याचं अस्तर बसत होतं, म्हणजे काम मऊ मालाचं. एवढी एक खूण बघितली तरी निम्मी यादी गळते.

घेण्याआधी काय तपासावं

बीड वाकत नाही, तडकतं, आणि या व्हाइसचं मोठं दुखणं तेच. हँडलवर पाइप चढवून आवळणारे सगळीकडे असतात. बाहेरच्या जबड्याच्या मध्याजवळ, जिथे स्क्रूचा जोर येतो, आणि बिजागरीच्या कानांपाशी बारीक तडे शोधावेत. साधी पद्धत अशी: जागा तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासायची, रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूत ओली रेघ उमटवतं. छोट्या हातोडीने टकटक करून आवाजही ऐकावा. चांगलं बीड खणकतं, तडकलेलं बद्द वाजतं. मात्र हा प्रयोग जोडणी सुटी करून करायचा, एरवी ढिल्या सांध्याचा आवाजही बद्दच येतो.

आधी वेल्डिंग झालेलं असेल तर कोणत्या रॉडने झालं ते विचारावं. साध्या माइल्ड स्टीलच्या रॉडने बीड जोडलं, की जोडातलं लोखंड बिडातला कार्बन ओढून घेतं, कडक आणि ठिसूळ होतं, आणि पुन्हा जोडाच्या शेजारीच तडा जातो. दुरुस्ती करायचीच तर भाग सावकाश, सगळीकडून सारखा तापवून पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून केलेला जोड), नाहीतर निकेल रॉड. टाके छोटे घालायचे, आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून थंड होऊ द्यायचं. घाईत पाणी मारलं की संपलं.

स्क्रूची झीज बघायला जबडा अर्धा उघडा ठेवून हाताने पुढे-मागे ढकलावा. थोडा खुळखुळा चालतो, या कामात तो अडत नाही. पण आवळताना स्क्रू मध्येच निसटून ‘खट’ होत असेल तर नटचे आटे गेलेत. नट नवा करून घेता येतो. मात्र आटे चौकोनी आहेत की तिरक्या बाजूंचे, आणि एका इंचात किती, हे मोजूनच लेथवाल्याकडे जावं.

फिरणं, तिरकं होणं आणि उचलणं या तिन्ही हालचालींची लॉक वेगवेगळी तपासायची. प्रत्येक लॉक आवळून जबड्याच्या टोकाला हाताने जोर द्यावा. लांब जबड्यामुळे हातालाही मोठी तरफ मिळते, म्हणून सरकत असेल तर लगेच कळतं. लॉकच्या पृष्ठभागांवर ग्रीस फासलेलं असणं हे सरकण्याचं सगळ्यात साधं कारण. ते थिनरने पूर्ण साफ करून मगच व्हाइस सदोष ठरवावा.

हरवलेल्या भागांत खुंट आणि हँडल क्षम्य आहेत, दोन्ही बनवता येतात. बेंचला लागणारी बिजागरीची प्लेट नसेल तर मात्र सौदा सोडून द्यावा. कारखान्यातून काढताना लोक प्लेट बेंचवरच ठेवून वरचा भाग तेवढा उचलतात, आणि ती मापात नव्याने ओतून-घासून घेण्याचा खर्च व्हाइसच्या वर जातो.

बसवणं

इथेच बहुतेकांची फसगत होते. प्लेट बेंचच्या पुढच्या काठात आणि वरच्या पृष्ठभागात खाच करून बसवायची, जबड्यांचा वरचा काठ बेंचशी समतल यायला हवा. पातळ फळीवर बिजागरीचे बोल्ट काही महिन्यांत लाकूड चिरडतात. निदान 60 मिमी जाडीचं कठीण लाकूड हवं, नाहीतर खालून जाड फळी चिकटवून बोल्ट आरपार घ्यावेत. नुसत्या लाकडात मारलेल्या स्क्रूंवर हा व्हाइस टांगू नये.

बेंचखाली काय आहे ते आधी बघायचं. व्हाइस उचलताना पुढचा भाग वर येतो, तसा मागचा स्क्रू खाली झुलतो आणि शेवटी जवळजवळ उभा होतो. त्या वाटेत ड्रॉवर, फळी किंवा पायांना जोडणारा आडवा दांडा आला की व्हाइस अर्ध्यावरच अडतो. जबडे उघडे असतात त्या प्रमाणात स्क्रूची मागची लांबी बदलते, म्हणून मिटलेल्या आणि पूर्ण उघड्या, दोन्ही स्थितींत हालचाल करून पाहिल्याशिवाय बोल्ट कायमचे आवळू नयेत.

40 किलो पुढच्या काठाला लटकतात, त्यावर रंध्याचा जोर. हलका बेंच पुढे झुकतो. भिंतीला किंवा जमिनीला बेंच बोल्टने बांधणं ही चैन नाही. आणि उचललेल्या व्हाइसचं लॉक सोडताना दुसऱ्या हाताने जबडा धरलेला हवा, बोटं बेंचचा काठ आणि जबडा यांच्यामध्ये नकोत. लॉक सुटलं की सगळं वजन एकदम खाली येतं.

गंज काढायला रॉकेलमध्ये भिजवणं आणि ब्रश पुरतो. गॅसच्या टॉर्चने एकाच जागी तापवून जाम सांधा सोडवायला जाऊ नये, तडा तिथेच जातो. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये स्क्रूला ग्रीस लावलं की भुसा चिकटून त्याची घासणारी पेस्ट तयार होते. ग्रॅफाइट पूड किंवा कोरडं मेण बरं. जबड्यांना तीन-चार मिमी जाडीचं चामडं, खरबरीत बाजू बाहेर ठेवून, चिकटवावं. चामड्यामुळे पकड वाढते, म्हणून आवळायला जोर कमी लागतो आणि बीडही वाचतं.

कुणी घ्यावा

गिटारची निमुळती मान घडवणारे, मूर्ती-कोरीवकाम करणारे, खुर्चीचे वाकडे पाय बनवणारे, आणि अजून हाताने पॅटर्न करणारे यांच्यासाठी याच्या तोडीचा दुसरा व्हाइस नाही, हे ठामपणे सांगावंसं वाटतं. पॅटर्नचं बरंच काम आता सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर गेलं, म्हणून जुने एमर्ट अमेरिकेत वाद्य बनवणाऱ्यांच्या हाती जात राहिले. फक्त चौकोनी फळ्या रंधणाऱ्याने मात्र यात पैसे घालू नयेत. साधा 9 इंची क्विक-रिलीज (स्क्रू न फिरवता जबडा झटक्यात सरकवता येणारा) सुतारी व्हाइस त्याला जास्त सोयीचा, कारण एमर्टचा जबडा मोठ्या फरकाने सरकवायचा तर स्क्रू फिरवतच बसावं लागतं. कॅनडाच्या व्हेरिटासने याच धर्तीवर क्विक-रिलीजचा टकर व्हाइस काढला होता, पण तो आता बनत नाही. चिनी-तैवानी नकला मिळतात. त्यांचे जबडे लहान, लॉक जास्त सरकणारी, आणि पृष्ठभाग घेतल्यावर कानसून समतल करावे लागतात. हलक्या कोरीवकामाला चालतील, पॅटर्नच्या कामाला नाही.

अमेरिकेतून मागवायचा तर वाहतूक आणि कस्टमचा खर्च व्हाइसच्या किमतीशी स्पर्धा करतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एमर्टपेक्षा रेकॉर्ड किंवा पार्किन्सन या इंग्लिश कंपन्यांचा सुतारी व्हाइस हाती लागण्याची शक्यता जास्त. तो मिळाला तर निमुळत्या वस्तूची पकड घरच्या घरी साधता येते. जबड्याच्या रुंदीएवढी, 30 मिमी जाड सागवानी पट्टी घ्यायची. तिच्या पाठीला मधोमध 40 मिमी व्यासाचा अर्धा कापलेला गोल दांडा उभा चिकटवून दोन स्क्रू मारायचे. दांड्याची गोल बाजू व्हाइसच्या जबड्याला टेकते, पट्टीची सपाट बाजू कामाला. आवळताना पट्टी आपोआप ठोकळ्याच्या तिरकेपणाशी जुळते. आठ-दहा अंशांपर्यंत हे चालतं, त्यापुढे पट्टी बाजूला निसटू लागते. पट्टी खाली पडू नये म्हणून तिच्या वरच्या काठाला जबड्यावर टेकणारी एक छोटी आडवी चीप ठोकायची, आणि दांड्याच्या गोलाईला सँडपेपरचा तुकडा चिकटवला की घसरणंही थांबतं.